विहिरीचं चांगलं, ताजं पाणी

साबणबाईंना साबण या शब्दाचा अगदी वीट आला होता. कंपनीत एवढी शिकलीसवरली माणसं, पण त्यांच्या कामाचं खरं नाव एकाच्याही तोंडात बसत नव्हतं. पहिल्या वर्षी त्यांनी सगळ्यांना प्रेमाने समजावलं, की बाबांनो, याला सर्फॅक्टंट म्हणतात, हा साबणाचा चुलतभाऊ खरा, पण साबण नव्हे. दुसऱ्या वर्षी चिडून समजावलं. तिसऱ्या वर्षी फाटकावरच्या पहारेकऱ्यानेच "या साबणबाई" म्हणून सलाम ठोकला, तेव्हा त्यांनी नाद सोडला. नाव चिकटलं ते चिकटलं.

काम तसं समजायला अवघड नव्हतं. ज्या जागेतून वर्षानुवर्षं तेल काढलं, तिथेही जमिनीखाली निम्म्याहून जास्त तेल उरलेलंच असतं. ते तळ्यासारखं साठून बसलेलं नसतं, खडकाच्या बारीक बारीक छिद्रांत थेंब थेंब अडकलेलं असतं. वरून नुसतं पाणी सोडलं तर पाणी आपली वाट काढून निघून जातं आणि तेल जागचं हलत नाही. तेलकट कढईवर नुसतं पाणी ओतून बघा, म्हणजे कळेल. पाण्यात योग्य ते औषध घातलं तर तेल आणि पाणी यांच्यातलं हाडवैर मिटतं, थेंब सैल होतो आणि पाण्याबरोबर वाहत बाहेर येतो. यात फेसाचा काडीचाही संबंध नसतो.

पण मोठ्या साहेबांना फेस हवा होता. कंपनीचा कारभार त्यांच्या हातात, आणि त्यांच्या घरी भांडी घासायचा जो साबण होता त्याला फेस येत होता.

"मॅडम, तुमच्या औषधाला फेस किती येतो?" ते दर बैठकीत विचारायचे.

"साहेब, फेस नकोच आहे आपल्याला."

"पण आला तर चांगलंच ना?"

"बाटलीत येत नाही, साहेब. माझ्या तोंडाला आलाय."

साहेब पोट धरून हसले, आणि पुढच्या बैठकीत त्यांनी तोच विनोद स्वतःचा म्हणून सांगितला. साबणबाईंनी तेही गिळलं.

गिळायचं कारण घरातलं होतं. ज्या जुन्या साइटसाठी हे औषध बनत होतं, तिथला मुख्य म्हणजे त्यांचा सख्खा दीर. भाऊजींनी ऐन तारुण्यात तिथे नोकरी धरली आणि त्या माळावरच संसार थाटला. सासूबाईही धाकट्याकडेच राहायच्या, कारण थोरल्याच्या घरात त्यांना म्हणे कोंडल्यासारखं व्हायचं. साइटचं तेल घटत चाललं होतं. साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, की साबणाने तेल निघालं तर साइट चालेल, नाहीतर वर्षअखेर कुलूप. कुलूप म्हणजे भाऊजींची नोकरी गेली, क्वार्टर गेलं, आणि सासूबाईंची गाठोडी आली थोरल्याच्या कोंडलेल्या घरात.

त्यामुळे सासूबाईंचा रोज फोन. "झालं का गं तुझं साबणाचं?"

"आई, ते असं एका दिवसात होत नाही."

"मी कुठे एका दिवसात म्हणतेय? तीन वर्षं झाली. साबणच करायचा आहे ना?"

नवरा बाजूला बसून खुदुखुदु हसायचा. त्याला हसायला काय जातंय, असं त्यांना वाटायचं, आणि ते बरोबरच होतं.

तीन वर्षं साबणबाई लॅबमध्ये मीठ घालून पाणी बनवत होत्या. साइटच्या जमिनीखालचं पाणी अतिशय खारं, त्यात चुनाही भरपूर, असं जुन्या तपासणीत होतं. त्या पाण्यात कुठलंही औषध घातलं की ते फाटायचं. तळाशी पांढरा साका बसायचा आणि तेल आपलं वर निवांत तरंगत राहायचं. शेवटी त्यांच्या मनात आलं, की ही तपासणी कधीच्या काळातली. मधल्या वर्षांत इतकं पाणी आत सोडलंय, कदाचित खालचा खारटपणा कमीही झाला असेल. बनावट पाण्यावर डोकं फोडण्यापेक्षा खरंच पाणी मागवावं. त्यांनी भाऊजींना निरोप पाठवला: "भाऊजी, विहिरीचं पाणी पाठवा. दोन कॅन. चांगलं, ताजं पाठवा."

दोन कॅन आले. झाकण उघडल्याबरोबर कच्च्या तेलाचा वास नाकात गेला, तेव्हा साबणबाईंना बरं वाटलं. पाणी तपासायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं आणि ते दुरुस्त करून आणणारा माणूस रजेवर गेला होता. असो म्हणाल्या. काचेच्या अरुंद नळ्यांत त्यांनी पाणी, औषध आणि तेल भरलं, नळ्या बंद केल्या आणि जमिनीखाली असते तेवढ्या उष्णतेच्या कपाटात ठेवून दिल्या. "हलवू नका" अशी पाटी लावली. ती पाटी वाचण्यासाठी म्हणून दोघांनी कपाट हलवलं, ते वेगळं.

आणि काय आश्चर्य, या वेळी साका बसला नाही. वर काळं तेल, खाली स्वच्छ पाणी आणि मधोमध चहाच्या रंगाचा एक तिसरा थर तयार झाला. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळून बनलेला हा थर म्हणजे वैर मिटल्याची खूण. तीन वर्षं त्या याच थराची वाट बघत होत्या. नळी किंचित तिरकी केली की थर आळसावल्यासारखा सरकायचा. साबणबाईंना नळी खाली ठेववेना.

साहेबांनी थर पाहिला, फेस नाही म्हणून थोडे हिरमुसले, आणि त्याच दुपारी औषधाचे टँकर मागवले.

"साहेब, पाण्याची तपासणी होऊ दे आधी. यंत्र आलं की लगेच करते."

"मॅडम, तुम्हाला ना, सुख बोचतं," साहेब म्हणाले. "चाललंय ना? मग चालू द्या."

साबणबाईंना सुख खरंच बोचत होतं. तीन वर्षं जे नाकदुऱ्या काढूनही वळत नव्हतं, ते एकाएकी शहाण्यासारखं वागू लागलं तर शंका यायचीच. पण भाऊजींचा फोन आला, आवाज भरून आलेला होता. सासूबाई मागून म्हणत होत्या, "सांग तिला, मला ठाऊक होतं म्हणावं." तीन वर्षांत त्यांनी हे प्रथमच सांगितलं होतं. साबणबाईंनी शंका गिळली आणि काम सुरू करायला साहेब येणार होते त्याच्या एक दिवस आधी त्या स्वतः साइटवर जाऊन पोचल्या.

उन्हातून आल्या होत्या, घशाला कोरड पडली होती. क्वार्टरच्या ओसरीवर भाऊजींनी खुर्ची दिली, सासूबाईंनी तांब्याभर पाणी आणलं. साबणबाईंनी ते उभ्यानेच पिऊन टाकलं.

"कसं आहे पाणी?" भाऊजींनी विचारलं. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

"छान आहे. गार आहे."

"हेच पाठवलं होतं तुम्हाला."

साबणबाईंचा हात तांब्यासकट जागीच थांबला. "कुठे पाठवलं होतं?"

"अहो लॅबला. तुम्हीच म्हणालात ना, विहिरीचं पाठवा म्हणून. चांगलं, ताजं. सकाळी सकाळी स्वतः उपसलं. कॅन मात्र तेलाचे होते, दुसरे मिळाले नाहीत. तीनदा धुतले, तरी वास राहिला असेल थोडा."

साबणबाई खुर्चीत बसल्या. मग उठल्या. मग परत बसल्या.

"भाऊजी, मी तेलाच्या विहिरीचं पाणी मागितलं होतं."

"तेलाची कुठली विहीर?" भाऊजींना खरंच कळेना. "तेलाचे ते नंबर. एक नंबर, सात नंबर, अकरा नंबर. विहीर ही एकच, ही आपली मागची."

खरी गोम ही होती. कंपनीच्या कागदांत, लॅबमध्ये, साहेबांच्या भाषणात तेल काढायच्या भोकाला विहीर म्हणतात. साइटवर मात्र कोणी कधी तसं म्हटलंच नव्हतं. तिथे विहीर म्हणजे क्वार्टरांच्या मागची, पाण्याची. सुरुवातीला इथे प्यायचं पाणी टँकरने यायचं, मनात आलं तर यायचं. म्हणून भाऊजींनी चार मित्रांना घेऊन सुटीच्या दिवशी खोदायला घेतलं आणि अख्ख्या खाऱ्या माळात एका जागी गोडं पाणी लागलं. कंपनीच्या नकाशावर ती नव्हती, कारण तिच्यातून तेल निघत नव्हतं.

"आमच्या कामात विहीर म्हणजे तेलाची विहीर," साबणबाई एकेक शब्द तोडत म्हणाल्या. "दुसरा अर्थच नाही, भाऊजी. दुसरा अर्थच नाही."

"मग तसं सांगायचं ना. चांगलं, ताजं कशाला म्हणालात? मला वाटलं, लॅबला घाण पाणी कसं पाठवायचं."

साबणबाईंना ओरडावंसं वाटलं, हसावंसं वाटलं, आणि भाऊजींचा तो सरळ चेहरा बघून दोन्हीही करता येईना. यंत्र नव्हतं तर नव्हतं, नुसतं बोट बुडवून जिभेला लावलं असतं तरी कळलं असतं. सगळ्या लॅबला नावं ठेवता ठेवता आपणही माती खाल्ली, याचा राग सगळ्यात जास्त होता.

त्या तडक सात नंबरच्या टाकीवर गेल्या. तेलाबरोबर वर आलेलं पाणी तिथे खाली साठत होतं, पिवळट आणि कुजक्या वासाचं. एक बरणी भरून घेतली, आलेल्या टँकरमधलं थोडं औषध तिच्यात ओतलं आणि झाकण लावून हलवली. थांबावं लागलंच नाही. दूध नासावं तसं सगळं फाटलं, पांढऱ्या गुठळ्या झाल्या आणि हळूहळू तळाशी बसल्या.

भाऊजी शेजारी उभे राहून बघत होते. तेलाच्या धंद्यात आयुष्य गेलेला माणूस, त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

"हे खाली खडकात झालं तर?" तरी त्यांनी विचारलं.

"छिद्रं बुजतील. आज निघतंय तेवढंही तेल निघणार नाही."

क्वार्टरकडे परतताना भाऊजींनी आधी मागे कोणी नाही ना ते बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, साहेबांना फाटलेलं कशाला दाखवायचं? टँकर आलेत, पैसा खर्च झालाय. एकदा काम सुरू झालं की लगेच कोणी बंद करत नाही. बघू, करू, असं म्हणता म्हणता एक-दोन वर्षं निघतील."

"आणि तुमचे सगळे नंबर एकेक करून बुजतील."

"नाहीतरी कुलूपच लागणार आहे. आईला सांगायची हिंमत नाही माझ्यात. या वयात तिने कुठे जायचं?"

"माझ्या घरी यायचं. दुसरं कुठे?" साबणबाई एकदम उसळल्या. "मी काय त्यांना उपाशी ठेवणार आहे? सगळ्यांनी मिळून माझ्याच गळ्यात का पडावं, भाऊजी? एक म्हणतो फेस काढा, एक म्हणतो घाई करा, आता तुम्ही म्हणता खोटं बोला. ते औषध माझ्या नावावर जमिनीत जाणार आहे. मला नाही जमायचं."

भाऊजींनी मान खाली घातली. साबणबाईंना त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओसरीवर उभ्या होत्या. फाटकाबाहेर साइटच्या आधाराने एक वस्ती वाढली होती. दुकानवाले, गाड्या दुरुस्त करणारे, नोकरी सुटूनही इथेच राहिलेले म्हातारे. कुंपणातून नळ बाहेर काढून भाऊजींनी विहिरीचं पाणी त्यांनाही दिलं होतं. नळावर घागरी, बादल्या, डबे यांची रांग लागली होती आणि कुणाचा नंबर आधी यावरून रोजचं भांडण चाललं होतं. सासूबाई कुंपणाच्या आतून दोन्ही बाजूंना न्याय देत होत्या. कोणी ऐकत नव्हतं, तरी त्या देत होत्या.

साहेब आले ते थेट साइटच्या कचेरीत. सोबत छायाचित्रकारही आणला होता. पंखा लावला, चहा आला, पाणी आलं. साबणबाईंनी बरणी टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: खरं पाणी हे असं, त्यात औषध हे असं, लॅबमध्ये चाललं ते पाणी जमिनीखालचं नव्हतंच.

साहेब बरणीकडे बघत राहिले. "मग ते कुठलं होतं?"

"गोडं पाणी होतं. चुकून आलं."

"चुकून," साहेब म्हणाले. "तीन वर्षं आणि चुकून." छायाचित्रकाराला त्यांनी बाहेर घालवलं. रागाने ग्लास उचलून पाणी प्यायले, आणि मधेच थांबले. "म्हणजे गोड्या पाण्यात तुमचा साबण चालतो."

"चालतो."

"मग झालं तर. आधी खूप गोडं पाणी आत सोडू, खारं पुढे ढकलून देऊ, आणि मागून साबण. होईल की नाही?"

साबणबाईंना असले प्रश्न नको असायचे, कारण खरं उत्तर द्यावं लागायचं. "नक्की होईल असं नाही. पण होऊ शकतं. रात्रंदिवस, महिनोन् महिने गोडं पाणी लागेल."

साहेबांचा चेहरा उजळला. "टँकरने परवडणार नाही. इथल्या इथे मिळायला हवं." ते भाऊजींकडे वळले. "काय हो, इथे जवळपास एखादी विहीर आहे का?"

साबणबाईंनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी आता फक्त हो म्हणायचं होतं. एका होकारात साइट वाचत होती, नोकरी वाचत होती, आईचं घर राहत होतं. विहिरीचं काय होईल तेही त्यांना ठाऊक होतं. एक दिवस पंप जास्त चालला तरी संध्याकाळी तिचा तळ दिसायचा. बाहेर नळावरचं भांडण खिडकीतून ऐकू येत होतं.

भाऊजींनी घसा साफ केला. "विहिरी अकरा आहेत, साहेब," ते म्हणाले. "सगळ्या तुमच्या नकाशावर आहेत."

"त्या तेलाच्या हो. मी पाण्याची म्हणतोय."

"इथली जमीन पूर्ण खारी आहे, साहेब."

"अहो, मग हे पाणी?" साहेबांनी ग्लास वर केला. "हे तर चांगलं गोड लागतंय."

"फिल्टरचं आहे."

साहेबांचं समाधान झालेलं दिसेना. ते साबणबाईंकडे वळले. "मॅडम, तुम्ही कालपासून इथे आहात. तुम्ही तर शब्दाला पक्क्या. तुमच्या पाहण्यात आली का एखादी विहीर?"

तीन वर्षं साबणबाई या माणसाचे शब्द दुरुस्त करत आल्या होत्या. फेस म्हणजे काय, साबण म्हणजे काय, थर म्हणजे काय. आज पहिल्यांदा त्याने त्यांना शब्दाला पक्कं म्हटलं होतं.

"साहेब, आमच्या कामात विहीर म्हणजे तेलाची," त्या शांतपणे म्हणाल्या. "दुसरा अर्थच नाही."

साहेबांनी हात झटकले. टँकर परत पाठवा म्हणाले. वर्षअखेर कुलूप, आता चर्चा नको. तोवर काही निघालं खऱ्या पाण्यात, तर कळवा. चहा तसाच टाकून ते गाडीत जाऊन बसले. भाऊजी दारात उभे राहून धूळ खाली बसेपर्यंत बघत होते.

"तुम्ही काल मला खोटं बोलायला सांगत होतात," साबणबाई मागून म्हणाल्या. "आज खोटं बोललात, पण भलतंच."

"काल नंबरांचं चाललं होतं, वहिनी, आज विहिरीचं," भाऊजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

दुपारी निघताना सासूबाई फाटकापर्यंत आल्या. त्यांना सगळं कळलं होतं, कारण खिडकी उघडी होती. "तुझ्या घराला एक मोठी खिडकी पाडून घे," एवढंच म्हणाल्या. "वर्षअखेरपर्यंत वेळ आहे."

"आई, वर्षअखेरपर्यंत मी औषध बनवणार आहे. खिडकी तुमच्या थोरल्या मुलाला पाडायला सांगा."

भाऊजींनी दोन कॅन आणून गाडीत ठेवले. दोन्हींवर रंगाने ठळक अक्षरं काढली होती, जरा वेडीवाकडी आणि अजून ओली. एकावर "सात नंबर, खारं", दुसऱ्यावर "विहीर, प्यायला".

"हे दुसरं कशाला?" साबणबाईंनी विचारलं.

"तोंडाला फेस आला की लागेल."

साबणबाईंना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, म्हणून त्यांनी काच वर केली. मग दोन्ही कॅन मागच्या सीटवरून उचलून पायांशी घेतले आणि घरी पोचेपर्यंत एकेका हाताने धरून ठेवले. रंग ओला होता, पुसला गेला तर पुन्हा घोटाळा व्हायचा.